ग्रामीण कौशल्य प्रशिक्षणाचे नियोजन : हिशेब कोठून मांडावा?

ग्रामीण भागातील बेकारीचा प्रश्न निघाला की "आमच्या तालुक्यात आय.टी.आय. काढा", "तरुणांसाठी वर्ग सुरू करा" अशी मागणी पुढे येते. मागणी रास्त आहे. परंतु वर्ग कोणता, किती जणांसाठी आणि शिकून बाहेर पडलेल्यांनी काम कोठे करावयाचे, हे न ठरविता वर्ग काढला तर काही वर्षांतच प्रमाणपत्रधारक बेकारांची भर पडते. म्हणून प्रथम त्या भागातील कामाचा हिशेब मांडावा आणि अभ्यासक्रम त्यानंतर निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा हिशेब कसा करावयाचा, हे विद्यार्थ्यांसाठी एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका बाजारगावाभोवती ४० गावे आहेत व प्रत्येक गावात सरासरी ५० विजेचे पंप आहेत. एकूण २,००० पंप झाले. प्रत्येक पंप वर्षातून एकदा बिघडतो असे धरू. एक कारागीर दिवसाला दोन पंप दुरुस्त करतो व वर्षात २५० दिवस काम करतो, म्हणजे ५०० पंप. या साऱ्या परिसराला चार कारागीर पुरतात, आणि त्यांतील दोघे-तिघे आधीच दुकान थाटून बसलेले असतात. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनची एक तुकडी साधारण २० जणांची असते. म्हणजे पंपांच्या कामापुरते पाहिले तर पहिल्याच तुकडीतील बहुतेक मुले जास्तीची ठरतात. दुसऱ्या तुकडीचे काय, हे विचारूच नये. शिवाय पंपांचे काम रब्बीत आणि उन्हाळ्यात. भर पावसाळ्यात त्याच कारागिराच्या हाताला काम नसते.

शहरात एकाच धंद्यावर पोट भरते, कारण तेथे गिऱ्हाईक मोठे असते. खेड्यात वायरिंग, पंप, वेल्डिंग, नळजोडणी यांपैकी कोणतेही एक काम वर्षभर पुरत नाही. चारही येत असतील तर पुरते. नेमका हाच विचार पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे प्रत्यक्षात आणला गेला. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, वीज व ऊर्जा, वेल्डिंग व बांधकाम, गृह-आरोग्य अशी निरनिराळ्या क्षेत्रांतील कामे एकाच विद्यार्थ्याला शिकविली जातात. शाळेत रमू न शकलेली मुलेही तेथे शिकली, कारण शिक्षण हातांनी होते आणि गावाची खरी कामे करून होते. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्याचे स्वस्त उपकरण आश्रमाने तयार केले व ते वापरण्याचे कामही तरुणांच्या हाती दिले. पुढे हीच पद्धत 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयाच्या रूपाने महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत गेली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

मात्र त्याच शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्याला हरहुन्नरी मनुष्य नको असतो. त्याला फिटर हवा असतो. म्हणून गावात राहणाऱ्यांचा आणि कारखान्यात जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. जाणाऱ्यांसाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये विद्यावेतनासह मिळणारी उमेदवारी फार मोलाची आहे. दोन्ही हेतू एकाच वर्गात कोंबले की कोणतेच धड होत नाही.

पाहणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मंडळातील महाविद्यालयीन विद्यार्थी सुटीत हे काम करू शकतील. "तुम्हाला कोणते प्रशिक्षण हवे?" असा प्रश्न विचारू नये, उत्तर 'संगणक' असेच येते. त्याऐवजी विचारावे : मागील वेळी पंप, मोटारसायकल, टीव्ही बिघडला तेव्हा दुरुस्तीला कोण आले? कोठून आले? किती पैसे घेतले? किती दिवस वाट पाहावी लागली? ज्या कामासाठी लोक आठ-आठ दिवस खोळंबतात, तेथे माणूस कमी आहे असे समजावे. २०१९ च्या कुसुम योजनेनंतर शेतोशेती सौरपंप आले आहेत. त्यांच्या देखभालीला कोण येतो, हा आजच्या पाहणीतील महत्त्वाचा प्रश्न ठरावा.

प्रशिक्षणाच्या बाकावर कोणाला बसविले जाते, हा प्रश्नही आपल्या दृष्टीने गौण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे त्यांना तंत्रप्रशिक्षण मिळावे असे सुचविले होते. नव्या यंत्रापाशी जागा मिळावी, ही ती मागणी होती. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. हयात कारागिरास अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, हे चांगलेच. त्याचा लाभ जरूर घ्यावा. पण तालुक्याचा आराखडा करताना चर्मकाराच्या मुलापुढे चपलांचाच वर्ग ठेवला जात असेल तर तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतलीच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत आपली कल्पनाशक्ती शिवणवर्गापाशी थांबते. एका गावात शिलाई यंत्रे किती चालतील? जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पाने खेड्यांतील स्त्रियांना, त्यांत अनेक निरक्षर व दलित स्त्रिया होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बालकांचे वजन, अतिसार ही कामे त्यांनी गावात केली. एकदा शिकवून त्यांना सोडून दिले नव्हते; त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, अडचणी मांडत आणि नवे काही शिकून परतत. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही अल्प मुदतीच्या वर्गानंतर दोन वर्षे पाठपुरावा करतात. आपल्या मंडळाने वर्ग घेण्याचे ठरविल्यास खर्चाच्या अंदाजपत्रकात शिक्षकाचे मानधन व हत्यारांबरोबरच या दोन वर्षांच्या फेऱ्यांचे एस.टी. भाडेही धरावे.