अनामत काढू नकोस

नाशिक

चि. मनू,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "मनू वाचनालय सोडतेय. म्हणते, मला कादंबऱ्या झेपत नाहीत. शनिवारी जाऊन अनामत परत घेणार आहे." तेव्हापासून मला चैन नाही. शनिवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे. अनामत काढू नकोस.

राग आलाय, तो आधी लिहून टाकते. 'ययाति', 'मृत्युंजय', मग 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड. ऑफिसातल्या कुणी 'वाचायलाच हवीत' अशी यादी दिली आणि तू वाण्याची यादी घेऊन जावं तशी ती घेऊन गेलीस! दिवसभर खपून आलेल्या मुलीनं रात्री साडेदहाला खोतांच्या चार पिढ्या उघडून बसायचं? पुस्तकं मोठी आहेत, त्यात शंका नाही. पण यादी करणाऱ्याला तू कुठे माहीत होतीस? तिसाव्या पानावर डोळा लागला की पुस्तक परत, आणि वर स्वतःलाच नापास केलंस. तुझी परीक्षा घेतली कुणी, मने?

तुमच्याकडे कपाटापाशी जाऊ देतात ना? मग यादी घरी ठेव आणि तिथे निवांत उभी राहा. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो, पहिलं पान तर प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. तू मधलंच एखादं पान उघड. तिथली माणसं आपसांत कशी बोलतात ते ऐक. दोन पानं उभ्या उभ्या वाचून तिसरं आपोआप उलटलं गेलं, तर ते पुस्तक तुझं. नुसत्या रेक्झिनच्या बांधणीतली, चित्र नसलेली पुस्तकं ओलांडून जाऊ नकोस. हातोहात फिरून शिवण उसवली की वाचनालय अशी बांधणी करून घेतं. तारखांची चिठ्ठीही बघ. एके काळी दर पंधरवड्याला बाहेर गेलेलं पुस्तक आता वर्षानुवर्षं पडून असेल, तर एकदा घेऊन बघ. आणि देवघेवीच्या टेबलावर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांची चळत असते, ती आधी चाळ. शेजारपाजारचे लोक खरोखर काय वाचतात ते तिथे कळतं.

पन्नास पानांत जीव रमला नाही तर खुशाल परत कर. कुणी कारण विचारत नाही. पण पुस्तक परत करणं वेगळं आणि अनामत परत घेणं वेगळं.

आमच्या वेळी कपाटाला हात लावायची सोय नव्हती. यादीच्या वहीतून नंबर शोधायचे, चिठ्ठीवर लिहायचे, मग आतून येईल ते पुस्तक घ्यायचं. सभासदत्व अण्णांच्या नावावर, चिठ्ठीही अण्णांच्या हातची. माझ्याकडे फक्त पिशवी. त्यांची निवड वाईट नव्हती, हरिभाऊ आपट्यांपासून फडके-खांडेकरांपर्यंत सगळं त्यांनीच घरात आणलं. पण विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' त्या चिठ्ठीवर कधी आली नाही. बाईच्या मनातलं बाईनं इतकं उघड लिहून ठेवलंय, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. माझ्या लग्नाची बोलणी कशी झाली ते तुला ठाऊक आहे. मी माजघरात मुकाट बसले होते. ते पुस्तक आधी वाचलं असतं तर बोलले असते असं नाही म्हणत. पण मनात येतंय ते आपल्या एकटीच्याच मनात येत नाही, एवढं तरी समजलं असतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून तुझ्या हातातलं कार्ड जाऊ नये असं वाटतं. ते तुझ्या नावाचं आहे, कुणाच्या चिठ्ठीचं नाही.

जाडी बघून धास्ती वाटत असेल तर लहानापासून सुरुवात कर. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत एकटाच येतो, आणि शाळेत पोरंच नसतात. नव्या गावात तूही एकटीच आहेस, तुला तो जवळचा वाटेल. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ची, महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची. त्यातल्या चक्रधर आणि हॅर्टाला शनिवार-रविवार पुरे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी अडली तर मोठ्यानं वाच, कानाला लगेच कळते. बघ, यादीवर रागावले आणि मीच यादी द्यायला लागले. यातलं एकही नको वाटलं तर सोडून दे.

आपली अक्का चौथीपर्यंतच शिकलेली, पण पेंडशांची 'रथचक्र' तिनं पुन्हा पुन्हा वाचली. मुलांच्या शिक्षणासाठी घराबाहेर पडलेली बाई आहे त्यात. तुझ्या आईच्या फीचे पैसे अक्कानं कसे उभे केले ते तू ऐकलंयस. त्या दिवसांत तिला घरात कुणाशी बोलता येत नव्हतं, तेव्हा ती त्या बाईपाशी जाऊन बसायची असं मला वाटतं.

खरं सांगू का, मला काळजी कादंबऱ्यांची नाहीच. संध्याकाळी तू खोलीवर येतेस, दार लावून घेतेस, आणि सकाळपर्यंत तुझ्याशी बोलायला कुणी नसतं, ही काळजी आहे. फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस. मी काही तुझ्यापाशी येऊन राहू शकत नाही. निदान कुणीतरी सोबतीला असावं म्हणून हा सगळा हट्ट.

पुस्तकाला उशीर होऊन दंड बसला असेल तर मी भरते, संकोच करू नकोस. काय आवडलं नाही तेही मला सांग, तुला थोर म्हणायला लावणार नाही. आणि रविवारी सकाळी मी फोन करीन तेव्हा 'सगळं छान' म्हणू नकोस. जे असेल ते सांग. मला वेळच वेळ आहे.

तुझी,
माई मावशी