राज्यकर्ते आणि त्यांचा वारसा : टेनेसीपासून गोदावरीपर्यंत

थोर राज्यकर्त्यांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा जन्म, निवडणूक, पद आणि मृत्यू एवढ्या तारखा लक्षात ठेवून बहुधा थांबतो. यंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास अभ्यासताना मला मात्र एक प्रश्न सतत पडत गेला. सत्ता गेल्यावर, माणूस गेल्यावर मागे काय उरते? त्याचे उत्तर आपल्या गोदाकाठीही शोधता येईल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची हत्या एप्रिल १८६५ मध्ये झाली. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यानंतर, डिसेंबरात, अमलात आली. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा व्हायला तर १९६४ साल उजाडावे लागले. लिंकन यांनी सुरू केलेले काम पुढे नेण्यासाठी पुढच्या पिढ्यांना शंभर वर्षे झगडावे लागले.

दुसरे उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे. महामंदीच्या काळात, १९३३ साली, त्यांनी टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. धरणे झाली, पूर आवरले, दरिद्री खेड्यांत वीज आली. त्याचबरोबर हजारो कुटुंबांना घरदारही सोडावे लागले. याच नमुन्यावर आपल्याकडे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. त्याच्या पूर्वतयारीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा होता.

नदीला कामाला लावण्याचा हाच विचार मराठवाड्यात ज्यांनी चिकाटीने राबवला, ते शंकरराव चव्हाण. १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे त्यांचा जन्म झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला. पुढे नांदेडचे नगराध्यक्ष, राज्याचे मंत्री, दोन वेळा मुख्यमंत्री (१९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८) आणि केंद्रीय गृहमंत्री अशी पदे त्यांनी भूषवली. त्यांच्या कडक शिस्तीमुळे लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. २००४ साली त्यांचे निधन झाले.

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, तर १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. पैठणच्या नाथसागराची साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाला आज त्यांचेच नाव आहे. नांदेड शहराची तहानही त्याच पाण्यावर भागते.

परंतु या वारशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नाथसागरासाठी अनेक गावे पाण्याखाली गेली. जलाशय पसरट असल्याने उन्हाळ्यात बाष्पीभवन फार होते आणि गाळही साचतो. वरच्या बाजूच्या नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. समन्यायी वाटपासाठी २००५ साली कायदा झाला, तरी कमी पावसाच्या वर्षी तोच तंटा नव्याने उभा राहतो.

माझे गाव लातूर जिल्ह्यात. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण २०१६ साली कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका पहाटेपासून टँकरची वाट पाहत. धरण बांधले म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असे होत नाही, हे आम्हा मुलांना तेव्हा कोणी शिकवण्याची गरज उरली नव्हती.

राज्यकर्ता धरण बांधू शकतो, कायदा करू शकतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचते का, विस्थापितांना न्याय मिळाला का, पाऊस कमी असतानाही उसाखालचे क्षेत्र किती ठेवायचे, हे प्रश्न मागे राहणाऱ्यांचे असतात. लिंकन यांचा कायदा जसा पुढच्या पिढ्यांनी खरा करून दाखवला, तसे गोदावरीचे पाणी न्यायाने वाटून घेणे आपल्या पिढीकडे आले आहे. शंकररावांची जयंती साजरी करताना आपण एवढा हिशेब मांडला, तरी त्यांच्या कामाचा खरा मान राखला असे होईल.