शेवटची गाडी दिसेपर्यंत

कच्च्या रस्त्यावरच्या राइडमध्ये मी पाहिलेली बहुतेक पडापड दुपारच्या जेवणानंतरची आहे. सकाळी अंग ताजं असतं, रस्त्याची थोडी धास्ती असते, जो तो जपून चालवतो. दोन-तीन तास मुरूम आणि दगडगोटे तुडवले की हात सरावतात. मग जेवण होतं, परतीची ओढ लागते आणि कोणी न ठरवता वेग वाढतो. आमच्यातल्या एकाचं खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं ते अशाच दुपारी. तो चालवण्यात कच्चा नव्हता. रस्ताही फार अवघड नव्हता. आमची गट म्हणून घातलेली घडी जेवणानंतर विस्कटली आणि त्याचं मोल त्याने एकट्याने मोजलं.

डिसेंबरातला रविवार होता. आठ गाड्या. बहुतेक एक्सपल्स, दोन हिमालयन, एक केटीएम. पुण्याहून खानापूर, पाबे घाट, वेल्हे आणि पुढे केळद. केळदपर्यंत डांबर आहे, पण वाड्यावस्त्यांकडे फुटणारे रस्ते मुरमाचे, आणि आम्ही जातो ते त्यांच्यासाठीच. सकाळी सगळं रीतसर चाललं होतं. पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे स्वीप म्हणून अनुभवी गडी, फाट्यावर थांबून मागच्याची वाट पाहणं, सगळं. मढे घाटाच्या माथ्यावरून कोकण पाहिलं, एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली.

जेवून निघताना आमचा स्वीप आधी तयार झाला आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरावर निघाला. हिमालयनवाला मित्र हातमोजे चढवत मागे राहिला. आता शेवटची गाडी त्याची होती, पण ते ना त्याला माहीत होतं ना आम्हाला. पुढच्याने डांबराकडे जाणारी जवळची वाट धरली. त्या वाटेवर गुडघाभर फुफाटा उडत होता. एका फाट्यावर कोणीच थांबलं नाही. डांबरावर येऊन गाड्या मोजल्या तर सात. फोनला रेंज नाही. येईल, लघवीला थांबला असेल, फोटो काढत असेल, असं म्हणण्यात अर्धा तास गेला. मग आम्ही दोघे मागे फिरलो.

तो चुकीच्या फाट्याने एका उतारावर गेला होता. फुफाट्याखाली बैलगाडीची खोल चाकोरी होती. पुढचं चाक तिच्यात अडकलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने त्याला गाडीखालून मोकळं केलं होतं. गाडीची किल्ली बंद करून स्वतःच्या खिशात ठेवली होती, कारण टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं. उपरण्याची घडी पाठीला टेकायला दिली होती. डोक्यावर हेल्मेट तसंच. म्हणाले, "पाव्हणं, मानंला धक्का नको म्हनून काढलं न्हाई." त्यांच्याच पुतण्याच्या पिकअपमधून मित्राला वेल्ह्याकडे नेलं. पुढे पुण्यात हाडावर प्लेट बसली. मान शाबूत राहिली.

त्या दिवसापासून मी गटाबरोबर जाताना काही गोष्टींवर अडून बसतो. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांनीही अडून बसावं.

सगळ्यात आधी स्वीप. जो सर्वांच्या मागे असतो आणि काहीही झालं तरी कोणाला ओलांडत नाही, तो. हे काम दिवसभराचं आहे, सकाळपुरतं नाही. दर थांब्यानंतर निघताना पुढच्याने मागे वळून स्वीपचा वर केलेला हात पाहावा आणि मगच गिअर टाकावा. त्याच्याकडे पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पिशवी आणि शक्यतो गटातलं सगळ्यात शांत डोकं असावं. अनेक गटांत सगळ्यात हळू चालवणाऱ्यालाच मागे ठेवतात. हे मला अगदी अमान्य आहे. हळू चालवणाऱ्याची जागा पुढच्याच्या लगेच मागे. म्हणजे गटाचा वेग त्याच्या वेगाला धरून राहतो आणि कोणालाही गाठण्यासाठी धावावं लागत नाही. माझा मित्र पडला तो गाठण्याच्या धावपळीत.

फाट्यांसाठी एक जुनी, साधी पद्धत आहे. फाटा आला की पुढच्याच्या मागचा, म्हणजे दुसरा, तिथे थांबतो. बाकीच्यांना दिशा दाखवतो. स्वीप दिसला की त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर जो दुसरा असेल तो थांबतो. यात वाट कोणाला पाठ असावी लागत नाही, रेंज लागत नाही, आणि फाट्यावरचा माणूस जागा सोडत नसल्यामुळे कोणी हरवलंच तर शोधायचं अंतर दोन फाट्यांमधलंच उरतं. एकच अट: कितीही वेळ लागला तरी थांबलेल्याने जागा सोडायची नाही. आठांपेक्षा जास्त गाड्या असतील तर सरळ दोन गट करा, दोन पुढारी, दोन स्वीप. बारा-पंधरा गाड्यांच्या रांगेचे फोटो छान येतात, पण तशी रांग मुरमावर सांभाळता येत नाही.

धुळीत पुढच्या गाडीच्या मागे लागू नका. धूळ बसेपर्यंत थांबायला लाज कसली? वारा नसेल तर फुफाटा बराच वेळ तसाच लोंबकळतो, आणि खड्डा, चाकोरी, दगड सगळं त्याच्या आड जातं. पुढच्याला अंतर देणं तुमचं काम, मागे नजर ठेवणं पुढच्याचं. एवढं पाळलं तर धुळीत आंधळेपणाने चालवण्याची वेळच येत नाही.

चालवण्याच्या तंत्राबद्दल शिकवणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी रोखू द्या, मागचा ब्रेक हलका, पुढचा अगदी बेताने. आणि ज्या गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं, तिथे खडी-मुरमाच्या उतारावर ते बंद ठेवा. पण बहुतेक गाड्यांत किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की ते आपोआप सुरू होतं. जेवून निघताना हे हमखास राहून जातं, आणि पहिल्याच उतारावर मागचा ब्रेक धरत नाहीसं वाटून माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो. तिथेच चाक घसरतं.

टायरची हवा कमी केली की पकड वाढते, हे खरं. ट्यूबच्या टायरात अठरा-वीस पीएसआयच्या खाली मी जात नाही. दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटली की दोन जागी भोक पडतं. हवेचा पंप बरोबर हवाच, कारण तेवढ्या हवेवर घरापर्यंत डांबरावरून येणं धोक्याचं.

थकवा मात्र मनावर घ्या. एक्सपल्स भरल्या टाकीनिशी एकशेसाठ किलोंच्या आसपास, हिमालयन दोनशेच्या घरात. ती दोन-तीनदा उचलली की हात थरथरतात आणि मग क्लचवर बोटं नीट चालत नाहीत. पडलेली गाडी हँडल ओढून उचलू नका. पाठ सीटला टेकवा, गुडघे वाकवा आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभी करा, आधी साइड स्टँड काढून किंवा दुसऱ्याला पलीकडे उभं करून. पाणी माणशी तीन लिटर ठेवा. दुपारचं जेवण अर्धपोटी ठेवा. परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवा, आणि तेव्हा जिथे असाल तिथून डांबराकडे वळा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीतल्या खोऱ्यात सावली त्याआधीच येते आणि चाकोऱ्या दिसेनाशा होतात.

कोणी पडलंच तर पहिल्याने जखमीकडे धावावं, दुसऱ्याने वळणाच्या वर जाऊन मागून येणाऱ्यांना थांबवावं. इंजिन बंद. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटला हात लावू नये. खांदा दुखत असेल तर हात छातीशी बांधून झोळी करावी, बोटं कोमट आहेत का, हलतात का ते पाहावं. १०८ किंवा ११२ लावून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ तिच्यावरून लागू शकतो. कुठलीच रेंज नसेल तर एकाला उंचावर नाही तर जवळच्या वस्तीकडे धाडा. वस्तीवर पिकअप असतो, वाट माहीत असते. रक्तगट आणि घरच्या माणसाचा नंबर लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या जॅकेटच्या डाव्या खिशात, सगळ्यांच्या एकाच खिशात, असू द्या. शोधाशोध वाचते.

आणि ज्यांच्या गावातून आपण जातो त्यांच्याविषयी. सायलेन्सर बदलून फाडफाड आवाज करत वस्तीतून जाणाऱ्यांबरोबर मी राइडला जात नाही. संध्याकाळी गुरं परततात तेव्हा गाडी बंद करून बाजूला उभं राहावं. वाट सोडून सड्यावर, गवतात गाड्या घालू नयेत. पावसाळ्यात तिथे फुलतं ते पातळशा मातीच्या थरावर, आणि चाकाखाली तो थर एकदा उखडला की लवकर भरून येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तर तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतात उभा करणं म्हणजे वणव्याला बोलावणं. ज्या शेतकऱ्याने त्या दिवशी आमच्या मित्राला उचललं, त्याच्या गुरांचा उन्हाळा त्याच गवतावर निघतो.

मित्राचा हात आता खांद्याच्या वर पूर्ण जातो. तो पुन्हा गाडी चालवतो, आमच्याबरोबरच. पुढच्या राइडला निघाल तेव्हा स्वीप कोण ते पेट्रोल पंपावरच, नाव घेऊन ठरवा, आणि जेवणानंतर पुन्हा एकदा ठरवा. दिवसभर मागे राहायला कोणीच तयार नसेल, तर त्या दिवशी डांबरावरूनच फिरून या.