विक्री वेगळी, नफा वेगळा



पाड्यावरच्या एका ताईंनी किराणा दुकान वाढवायचे थांबवले. “विक्री वाढली की टॅक्स लागेल, भाऊ.” मला तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हा धडा.

महाराष्ट्रात, राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक विक्री ४० लाखांपर्यंत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. लक्षात ठेवा, हा आकडा नफ्याचा नव्हे, एकूण विक्रीचा. आयकर मात्र उत्पन्नावर असतो.

पुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे. तिच्यात दुकानदाराने करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा. तो गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही.

आम्ही ताईंची वही मांडली. रोजची विक्री ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ११ लाख. मर्यादा खूप दूर होती. भीतीचे कारण कर नव्हता, न लिहिलेला हिशेब होता. रोज लिहा.