बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश मिळत नसल्यास

कास्तकाराचा बँकेशी येणारा संबंध आता केवळ पीककर्जापुरता राहिलेला नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर घातलेल्या कापसाचा चुकारा खात्यात जमा होतो. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाकाठी ६,००० रुपये तीन हप्त्यांनी खात्यातच येतात, आणि पीकविम्याची भरपाईही तेथेच येते. पूर्वी चुकारा जमा झाला किंवा कसे, एवढे पाहण्यासाठी समुद्रपूर अथवा आष्टी तालुक्यातील शेतकऱ्यास एक दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे खर्चून शाखेत जावे लागे. आता हे काम घरबसल्या होऊ शकते. मात्र बँकेचे पान उघडले पाहिजे आणि त्यात प्रवेश मिळाला पाहिजे. नेमके येथेच अनेकांचे घोडे अडते.

ही अडचण क्षुल्लक समजू नये. ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्र शासनाची ३ टक्के व्याजसवलत मिळते. शिवाय राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभही वेळेवर फेड करणाऱ्यासच मिळतो. कर्जफेडीच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी पैसे हाती असूनही संकेतस्थळात प्रवेश न मिळाल्यास वर्षभराची सवलत हातची जाण्याचा संभव असतो. म्हणून दोष कोठे आहे हे कसे ओळखावे, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

दोष कोठे आहे हे प्रथम ठरवावे

कपाशीची पाने लाल पडू लागली म्हणजे जाणता शेतकरी लगेच फवारणीचा पंप उचलीत नाही. लाल्याचे कारण मॅग्नेशियमची किंवा नत्राची उणीव असू शकते, तुडतुड्यांचा उपद्रव असू शकतो, पाण्याचा ताण अथवा रात्रीची थंडीही असू शकते. कारण न पाहता औषध मारले तर पैसा वाया जातो व पीक सुधारत नाही. येथेही तसेच आहे. पान उघडत नाही असे दिसताच पुष्कळ जण पासवर्ड बदलू लागतात किंवा फोन बंद करून पुन्हा सुरू करतात, आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहतो.

प्रथम हवामान खात्याचे किंवा दुसरे एखादे परिचित संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसल्यास दोष इंटरनेटच्या जोडणीत आहे. बँकेचा त्यात काही संबंध नाही. ते उघडले, पण बँकेचे पान उघडले नाही, तर शेजाऱ्याच्या मोबाइलवर, शक्यतो निराळ्या कंपनीच्या जोडणीवर, तेच पान उघडून पाहावे. केवळ उघडून पाहावे, तेथे पासवर्ड टाकू नये. दोन्हीकडे उघडत नसेल तर बँकेच्या यंत्रणेतच काम चालू असण्याचा संभव अधिक. अशी देखभालीची कामे बँका बहुधा रात्री उशिरा काढतात, म्हणून सकाळपर्यंत थांबावे. शेजाऱ्याकडे उघडते आणि आपल्याकडे नाही, असे आढळल्यासच आपल्या यंत्राकडे वळावे.

पत्ता बदलला असल्यास

गेल्या काही वर्षांत बँकांची नावे व पत्ते मोठ्या प्रमाणावर बदलले आहेत. विदर्भात काम करणारी विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. त्यापूर्वी देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात व अलाहाबाद बँक १ एप्रिल २०२० रोजी इंडियन बँकेत गेली. त्यातच रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आदेश देऊन त्यांच्या संकेतस्थळांचे पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीचे करण्यास सांगितले. ही अखेर केवळ बँकांनाच दिली जाते. नकली संकेतस्थळे ओळखता यावीत, हा त्यामागील हेतू होय.

यामुळे ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी बँकेच्या पानाची खूण ब्राउझरमध्ये जपून ठेवली आहे, त्यांची ती खूण आता निरुपयोगी झालेली असू शकते. अशा वेळी बँकेचे नाव टाकून शोध घेण्याची व वर दिसेल त्या पहिल्या पानावर जाण्याची सवय घातक आहे. शोधाच्या यादीत सर्वांत वर पुष्कळदा जाहिरात असते, आणि पैसे भरून जाहिरात ठकासही देता येते. नवीन पासबुकावर छापलेला पत्ता पाहून किंवा शाखेत विचारून तो अक्षरशः टंकित करावा, शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे हे पाहावे आणि मग नवीन खूण करून ठेवावी. इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ती एकदा ताडून घ्यावीत.

घड्याळ चुकले म्हणजे

“ही जोडणी सुरक्षित नाही” अशा अर्थाची तांबडी खूण दिसून पान अडते, ही तक्रार ग्रामपंचायतीच्या व सेवा केंद्रांच्या जुन्या संगणकांवर विशेष आढळते. तिचे कारण पुष्कळदा इतके साधे असते की ते कोणाच्या ध्यानात येत नाही: संगणकाचे घड्याळ चुकलेले असते.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो आणि त्यावर वैधतेची मुदत लिहिलेली असते, हे आपणांस ठाऊक आहे. बँकेच्या संकेतस्थळालाही असेच एक प्रमाणपत्र असते व त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते वैध आहे याची नोंद असते. पान उघडताना ब्राउझर ती तारीख संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो; वीज गेली तरी घड्याळ चालू राहावे म्हणून तो बसविलेला असतो. तो सेल संपला की वीज गेल्यानंतर घड्याळ मागे जाऊन एखाद्या जुन्याच वर्षावर उभे राहते. मग आजचे खरे प्रमाणपत्र त्या यंत्रास ‘अद्याप लागू न झालेले’ असे वाटते व ते दार बंद करते. भारनियमनाच्या दिवसांत ही तक्रार रोज सकाळी नव्याने उद्भवते, कारण आदल्या दिवशी कोणीतरी तारीख नीट केलेली असते, पण सेल कोणी बदललेला नसतो.

उपाय असा की, तारीख, वर्ष व वेळ प्रथम पाहावी, वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी, प्रमाणवेळ भारताची असल्याची खात्री करावी आणि तोच दोष पुन्हा आढळल्यास सेल बदलून घ्यावा. मोबाइलवरही कोणी हाताने तारीख बदलली असल्यास हाच परिणाम होतो.

मात्र घड्याळ बरोबर असूनही ती खूण दिसत असेल, तर तिच्याखाली असलेली ‘तरीही पुढे जा’ ही वाट धरू नये. जोडणी मध्येच कोणी अडविली असण्याची किंवा पान नकली असण्याची शक्यता तेव्हा गृहीत धरावी, आणि दुसऱ्या जोडणीवरून पाहावे किंवा शाखेस विचारावे.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा ठरतो

याचे आपल्याकडील एक विशेष कारण म्हणजे मराठी कळफलक. ग्रामपंचायतीत दाखले व ठराव मराठीत टंकित करतात. ते काम झाल्यावर कळफलक मराठीतच राहतो आणि त्याच संगणकावर बसलेला मनुष्य बँकेचा पासवर्ड टाकू लागतो. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपकेच दिसत असल्याने इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षर किंवा 1 च्या जागी १ पडत आहे हे त्यास कळत नाही. ठरावीक वेळा चूक झाली की बँक खात्याचा ऑनलाइन प्रवेश बंद करते. पासवर्ड खरा, मनुष्य खरा, आणि तरी प्रवेश बंद, असा हा प्रकार आहे.

म्हणून पासवर्ड टाकण्यापूर्वी ज्या चौकटीत अक्षरे उघड दिसतात, तेथे दोन अक्षरे व एक अंक टंकित करून पाहावेत व खोडून टाकावेत. मोठ्या लिपीची कळ दाबलेली राहिली नाही ना, हेही तेथेच कळते. मोबाइलचा कळफलक पुष्कळदा पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, किंवा सुचविलेल्या शब्दापुढे एक रिकामी जागा सोडतो. ती डोळ्यांस दिसत नाही, पण बँकेस दिसते. ब्राउझरने जुना पासवर्ड जपून ठेवला असेल तर तोही आपोआप भरला जातो. दोनदा चूक झाल्यावर तिसरा प्रयत्न करू नये; थांबून वरील गोष्टी पाहाव्यात.

ब्राउझरमधील साठा

पान लवकर उघडावे म्हणून ब्राउझर त्याचे काही भाग आपल्याजवळ साठवून ठेवतो. आपण कोण आहोत हे बँकेच्या लक्षात राहावे म्हणून बँकही एक लहानशी नोंद तेथे ठेवते. तिला कुकी म्हणतात. बँकेने पान बदलले व आपल्याकडील साठा जुनाच राहिला, तर प्रवेशाचे पान अर्धवट दिसते किंवा सर्व बरोबर भरूनही तेच पान पुनःपुन्हा समोर येते. कुकी घेण्यास मनाई केली असेल तरीही असेच होते.

याची परीक्षा सोपी आहे. ब्राउझरमध्ये खाजगी खिडकी उघडण्याची सोय असते, व ती जुना साठा वापरीत नाही. तीत पान नीट उघडले तर दोष साठ्याचा किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या पूरक साधनाचा, बहुधा जाहिराती अडविणाऱ्याचा, आहे असे समजावे. मग केवळ बँकेच्या संकेतस्थळाचा साठा पुसावा. सगळाच साठा पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आम्हांस पटत नाही. त्याने इतर कामांच्या नोंदीही जातात. काही बँकांचे प्रवेशाचे पान निराळ्या खिडकीत उघडते. ब्राउझर तिला आगंतुक समजून अडवितो, तेव्हा त्या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी.

जुना ब्राउझर हेही एक कारण होय. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही अखेरची आवृत्ती ठरली. विंडोज १० ची नियमित मोफत सुधारणाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा यंत्रावर बँकेचे काम करण्यापेक्षा साध्या पण अद्ययावत मोबाइलवर करणे बरे.

आत गेल्यावर ‘मागे’ ही कळ दाबू नये, आणि तेच खाते दोन ठिकाणी उघडू नये. तसे केल्यास बँक सुरक्षेसाठी बाहेर काढते. काही मिनिटे हालचाल न केल्यासही हेच घडते. तो बिघाड नव्हे.

ओटीपी न आल्यास

ओटीपी खात्याशी नोंदलेल्या क्रमांकावरच येतो. खाते वडिलांचे, क्रमांक पुण्यास कामाला गेलेल्या मुलाचा, आणि मुलगा कामावर, हा प्रकार घरोघरी आहे. काही घरी नोंदलेले सिम रिचार्जअभावी बंद पडलेले असते. यावर ब्राउझरमध्ये उपाय नाही. शाखेत अर्ज देऊन क्रमांक बदलून घ्यावा, व तो हंगामापूर्वी घ्यावा. ओटीपी उशिरा येत असल्यास वारंवार मागवू नये, कारण नवीन मागविताच पूर्वीचा निरुपयोगी होतो आणि आलेला नेमका कोणता हे कळेनासे होते.

मदत कोणाची घ्यावी

अडलेला मनुष्य मदतीचा क्रमांक शोधतो, आणि ठक नेमके तेथेच टपून असतात. इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावर फोन केल्यास ‘एक ॲप घ्या, म्हणजे आम्ही येथून दुरुस्त करतो’ असे सांगितले जाते. त्या ॲपने आपला पडदा त्यांस दिसू लागतो. व्हॉट्सॲपवर शासकीय योजनेच्या नावाने आलेली फाइल उघडल्यानेही फोन परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. बँकेचा क्रमांक पासबुकावरूनच किंवा एटीएम कार्डाच्या मागील बाजूवरूनच घ्यावा.

पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर व बँकेस त्याच तासात कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे दोष बँकेचाही नाही व खातेदाराचाही नाही अशा व्यवहाराची सूचना कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास खातेदारावर भार पडत नाही. परंतु पासवर्ड अथवा ओटीपी स्वतः सांगितला असल्यास सूचना देईपर्यंतचे नुकसान खातेदारासच सोसावे लागते.

ग्रामसेवक, कृषी सहायक व सेवा केंद्र चालक यांनी दुसऱ्याचा पासवर्ड कधीही विचारू नये, लिहून घेऊ नये अथवा स्वतः टाकू नये. घड्याळ, कळफलक व पत्ता तपासून द्यावा आणि पासवर्डच्या वेळी बाजूस व्हावे. वृद्ध शेतकरी विश्वासाने “तूच टाक, बाबू” असे म्हणतात. तरीही नम्रपणे नकार द्यावा. सामाईक संगणकावर काम खाजगी खिडकीत करावे, ‘पासवर्ड जपून ठेवू काय’ या प्रश्नास नाही म्हणावे, व बाहेर पडण्याची कळ दाबूनच उठावे.

रक्कम पाठविताना पान मध्येच थिजल्यास पुन्हा पाठवू नये. प्रथम खात्याचा उतारा पाहावा. दुसऱ्यांदा पाठविलेली रक्कम परत मिळविणे फार कष्टाचे असते. यूपीआय किंवा आयएमपीएसने एखाद्याच्या खात्यात पाठविलेली रक्कम वजा झाली पण पोहोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देय आहे, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

एवढे करूनही प्रवेश न मिळाल्यास शाखेस लेखी कळवावे. दिनांक, वेळ, पडद्यावर आलेले शब्द व क्रमांक जसेच्या तसे, ब्राउझरचे नाव, मोबाइल की संगणक, आणि कोणते उपाय करून पाहिले, इतके लिहावे. पासवर्ड लिहू नये. कर्जफेडीचा अखेरचा दिवस असल्यास दुपारपर्यंतच वाट पाहावी, आणि शाखा बंद होण्यापूर्वी स्वतः जाऊन रक्कम भरून शिक्क्याची पावती घ्यावी.