दिवे नंतर मोज, आधी मिलिअँपिअर

अगं, तुझं ड्रॉइंग पाहिलं. मजल्यावर 40 दिवे, दिवे नियंत्रित करणाऱ्या डालीच्या (DALI) एका लाइनवर 64 पत्ते बसतात, म्हणून तू निवांत. पत्त्यांचं निवांत आहे गं, करंटचं नाही.

दिव्याचा प्रत्येक ड्रायव्हर लाइनवरून जास्तीत जास्त 2 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे 40 चे झाले 80. पण छतातले सेन्सर आणि भिंतीवरची बटणं कुठे धरलीस? तीही त्याच दोन तारांवर जगतात आणि ड्रायव्हरपेक्षा खादाड असतात. त्यांच्या डेटाशीटमध्ये बघ. समज, 8 सेन्सर प्रत्येकी 6 चे आणि बटणांची 3 पॅनेल प्रत्येकी 10 ची निघाली, तर बेरीज 158 झाली. उद्या साहेबांना केबिन वाढवायची हुक्की येणारच, म्हणून वर वीस टक्के ठेव. साधारण 190. म्हणजे 200 चा सप्लाय घे.

आणि तो घेताना पेटीवरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. आकडे दोन असतात: खात्रीचा करंट आणि कमाल करंट. तुझी बेरीज खात्रीच्या आकड्यात बसली पाहिजे आणि कमाल आकडा 250 च्या आत राहिला पाहिजे. ‘कमी पडायला नको’ म्हणून दोन सप्लाय जोडलेस, तर त्यांच्या कमाल आकड्यांची बेरीजही 250 च्या वर जाता कामा नये. का सांगू? डालीत संदेश पाठवणारं उपकरण दोन तारा क्षणभर शॉर्ट करून बोलतं. मागून करंटचा लोंढा आला तर त्याला व्होल्टेज खाली ओढताच येत नाही. मग दिवे मनात येईल तेव्हा ऐकतात, आणि तू बिचारी सेन्सर बदलत बसतेस. दोन सप्लाय लावलेसच तर प्लस-मायनस जुळवूनच लाव. ड्रायव्हरला सहसा तारांची उलटसुलट चालते, सप्लायला नाही.

तारेचं थोडक्यात: 1.5 चौरस मिलिमीटरची तार असेल तर 300 मीटर. भरल्या 250 वर तेवढ्या अंतरात पावणेदोन व्होल्ट गळतात आणि मुभा फक्त 2 ची आहे. वायरमनने पातळ 0.5 ची तार ओढली तर 100 मीटरवर थांब. सप्लाय शक्यतो मधोमध बसव आणि रिंग करू देऊ नकोस.

रात्री फोन आला, ‘सगळे दिवे फुल झालेत, कमीच होत नाहीत’, तर घाबरू नकोस. लाइनचा सप्लाय गेला की ड्रायव्हर मुळात पूर्ण तेजावरच जातात. आधी सर्वांत लांबच्या टोकाला मीटर लाव, 16 च्या आसपास दिसायला हवं. मात्र 16 व्होल्ट म्हणून उघड्या हाताने तार धरू नकोस. डालीला मेन्सपासून फक्त बेसिक इन्सुलेशन असतं.