शुगरच्या फाइलीत मनाचाही कागद : खर्चाचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शुगर, बीपी, डायलिसिस यांवर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालते. नैराश्य मात्र ‘अंगात कणकण हाय’, ‘जेवण जाईना’ एवढ्यावरच भागवलं जातं. मधुमेह असणाऱ्यांत ते इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. मन खचलं की गोळी चुकते, चालणं थांबतं, शुगर चढते आणि बिल फुगतं. म्हणून मनाचा खर्च शुगरच्याच खात्यात धरा.

सुरुवात फुकट होते. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी. खर्चाचा विचार नंतर.

जाताना जुने रिपोर्ट न्या. थायरॉईड किंवा रक्त कमी असलं तरी मरगळ येते आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ घटू शकतं. तपासणी नुकतीच झाली असेल तर पुन्हा पैसे कशाला?

पेठेतून सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ. तिथं केसपेपर नाममात्र. खरा खर्च बुडालेल्या रोजगाराचा. म्हणून शुगर दाखवायच्या दिवशीच मानसोपचार ओपीडीही उरका. खासगीत जायचं तर आधी फोनवर विचारा : पहिली फी किती, फेरतपासणीची किती, समुपदेशनाचे पैसे वेगळे का? समुपदेशन एका बैठकीत क्वचितच संपतं.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं जनौषधी केंद्रात ब्रँडेडपेक्षा बरीच स्वस्त पडतात. पण एका पाकिटाचा हिशेब करू नका. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते. मनानं बंद केली की दुखणं उलटतं आणि खर्च पहिल्यापासून सुरू. किडनीचा त्रास किंवा ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखाच धरावा लागतो. ओपीडीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही. आईवडील साठीपुढचे असतील आणि त्यांचा विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत कलम ८०डीखाली औषधपाण्याचे वर्षाला पन्नास हजारांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतात. अट एवढीच, पैसे रोखीनं दिलेले नकोत.